शेततळ्यात अडकलेली रानबदकांची पिल्ले: दर पावसाळ्यातील अडचण, तिची कारणे आणि उपाय

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या तालुक्यांत, आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण-खटाव पट्ट्यात पाऊस स्थिरावला की एक प्रश्न दरवर्षी न चुकता विचारला जातो. शेततळ्यात जंगली बदकाची आठ-दहा पिल्ले फिरत आहेत, आई वर बांधावर घिरट्या घालते आहे, पिल्ले बाहेर येत नाहीत आणि रोज त्यांतले एखादे कमी होते आहे, तर काय करावे? हाच प्रश्न काही वेळा उशिराने येतो. दया येऊन पिल्ले घरी आणली, खोक्यात ठेवली, खायला-प्यायला घातले, पहिला दिवस ती बरी होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माना टाकल्या होत्या, असे सांगणारी माणसे मनाने चांगली असतात आणि त्यांना खरोखर वाईट वाटलेले असते. या दोन्ही प्रसंगांत पिल्लू अनाथ नसते. त्याला पाण्यातून वर येण्यासाठी काठ मिळालेला नसतो, एवढीच अडचण असते. ती तळ्यावरच सोडवता येते. घरात आणून मात्र ती सहसा सुटत नाही.

पिल्लू बदकाचेच आहे का, हे आधी पाहावे

पावसाळ्यात ओढ्याकाठी सापडणारे प्रत्येक काळे लवदार पिल्लू बदकाचे नसते. पाणकोंबडीची पिल्ले काळी कुळकुळीत असतात, त्यांची चोच टोकदार असते आणि बोटे लांब, सुटी व पडद्याविना असतात. वारकऱ्याच्या पिल्लाचे डोके तांबूस-नारिंगी आणि विरळ केसांचे दिसते. टिबुकलीच्या पिल्लाच्या मानेवर उभे पट्टे असतात. बदकाच्या पिल्लाची चोच पहिल्या दिवसापासून चपटी असते आणि तिन्ही पुढच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो. एवढ्या दोन खुणा पाहिल्या तरी पुरे.

आपल्या भागात पिल्ले काढणाऱ्या रानबदकांमध्ये हळदी-कुंकू बदक आणि अडई ही दोन नेहमी भेटतात. काणूक आणि नाकेर त्यांच्या मानाने कमी. हळदी-कुंकू बदकाचे पिल्लू वरून तपकिरी व खालून पिवळसर असून त्याच्या डोळ्यावरून एक गडद रेघ जाते. अडईचे पिल्लू काळपट-पांढरे असते आणि त्याच्या डोक्याच्या मागून एक फिकट पट्टा फिरलेला दिसतो. हा फरक उपयोगाचा आहे. हळदी-कुंकू बदक जमिनीवर, गवतात किंवा बांधाच्या झुडपात घरटे करते. अडई बहुधा झाडाच्या ढोलीत, कधी जमिनीवर, तर कधी बगळ्यांच्या जुन्या घरट्यातही अंडी घालते, आणि तिच्या पिल्लांजवळ नर व मादी दोघेही थांबतात. अडईच्या पिल्लांजवळ दोन मोठे पक्षी दिसले तर ते परके असावेत अशी शंका घेण्याचे कारण नाही. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या ही मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात दिसणारी बदके आपल्याकडे पाहुणी म्हणून येतात. त्यांची पिल्ले इथे होत नाहीत.

अडचण नेमकी कुठे होते

बदकाचे पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखे उघडे, आंधळे आणि घरट्यात पडून राहणारे नसते. मादी रोज साधारण एक अंडे घालते, पण सगळी अंडी पूर्ण होईपर्यंत उबवायला बसत नाही. त्यामुळे पहिले आणि शेवटचे अंडे यांत आठ-दहा दिवसांचे अंतर असले तरी सर्व पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. कवच फुटण्याआधी आतली पिल्ले आवाज करू लागतात, एकमेकांचे आवाज ऐकतात आणि आईही त्यांना हळू उत्तर देते. अमेरिकेतील गिल्बर्ट गॉटलीब यांनी बदकांच्या पिल्लांवर दीर्घकाळ काम करून हे दाखवले, की आपल्या जातीच्या आईची हाक ओळखण्याची तयारी अंड्यातच होते आणि त्यासाठी पिल्लाने अंड्यात असताना आवाज ऐकलेले असणे आवश्यक असते. बाहेर आलेले पिल्लू जेमतेम ३०-३५ ग्रॅमचे असते, पण त्याचे डोळे उघडे असतात, अंगावर दाट लव असते आणि अंग वाळले की ते चालू व पोहू शकते. साधारण एका दिवसाच्या आत आई सगळ्यांना घेऊन घरटे सोडते आणि जवळच्या पाण्याकडे निघते.

शेततळ्याच्या प्रश्नाची सुरुवात इथे होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर आणि त्याआधीही द्राक्ष-डाळिंबाच्या बागांसाठी आपल्या भागात शेततळी मोठ्या संख्येने झाली. त्यांच्याभोवती तारेचे कुंपण असते, कुंपणाच्या आत जनावरे चरत नाहीत, कुत्री शिरत नाहीत, आणि भरावाच्या बाहेरच्या उतारावर पावसाळ्यात गुडघाभर गवत माजते. जमिनीवर घरटे करणाऱ्या मादीला याहून सुरक्षित जागा दुसरी कोणती मिळणार? तिने जागा योग्यच निवडलेली असते. अंडी फुटल्यावर ती पिल्लांना सर्वांत जवळच्या पाण्यात उतरवते आणि ते पाणी असते प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यातले.

या तळ्याची बाजू साधारण ३४ ते ४५ अंशांनी उतरती असते. कोरडा कागद निसरडा असतो आणि पाण्यालगत शेवाळ धरलेला कागद त्याहून अधिक. मोठे बदक पाण्यावरून थेट उडून जाते, त्यामुळे मादीला या उताराची अडचण कधी जाणवलेलीच नसते. पिल्लांना मात्र उडता येण्यासाठी साधारण सात-आठ आठवडे लागतात. बदकांच्या वाढीत पंखांची मोठी पिसे सर्वांत शेवटी येतात. कुशीवर, खांद्यावर, शेपटीवर पिसे आली, पिल्लू आकाराने आईच्या पाऊण पट झाले, तरी त्याचे पंख ठेंगणेच राहिलेले असतात.

तळ्याच्या काठी थोडा वेळ शांत बसून पाहिले की सगळे उलगडते. पिल्लू कागदाच्या कडेने पोहत जाते, एका जागी थांबते, छाती कागदाला लावून दोन्ही पाय भराभर मारते, वीतभर वर चढते आणि पाठीमागे घसरून पाण्यात येते. शेवाळावर त्याच्या पायांचे बारीक ओरखडे उमटलेले दिसतात. त्यांच्याच शेजारी दुसऱ्या पिल्लाचे, आणि पुढच्या कोपऱ्यात तर अशा ओरखड्यांची जाळीच झालेली असते. आई बांधावर येऊन हाका मारते, पिल्ले आवाजाच्या दिशेने धावतात, पुन्हा घसरतात. मग ती खाली पाण्यात येते आणि सगळे कुटुंब तळ्याच्या मध्याकडे जाते. हे दिवसभर चालते.

पाण्यातला पक्षी पाण्यात राहिला तर त्यात वाईट काय, असे अनेक जण विचारतात, आणि या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. पहिले दोन-अडीच आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब स्वतःला पूर्णपणे राखता येत नाही. ते थोडा वेळ पोहते, खाते, मग काठावर येऊन आईच्या पंखाखाली शिरते, वाळते, ऊब घेते आणि पुन्हा पाण्यात जाते. दिवस-रात्र हेच चक्र चालू असते. नैसर्गिक तळ्याला चिखलाचा, गवताचा उथळ काठ असतो, त्यामुळे हे सहज घडते. कागदाच्या तळ्यात टेकायला जागाच नसल्याने पिल्लू सतत पाण्यात राहते, त्याची लव हळूहळू भिजू लागते आणि पावसाळी वाऱ्यात ते गारठते. खाण्याचेही तसेच आहे. मोठे हळदी-कुंकू बदक मुख्यतः वनस्पती खाते, पण पिल्लाला पहिल्या आठवड्यांत भराभर वाढण्यासाठी किड्यांच्या अळ्या, डासांच्या अळ्या, बारीक गोगलगाई असे प्रथिनयुक्त खाद्य लागते आणि ते मिळते उथळ चिखलात व पाणगवतात. तीन मीटर खोल, स्वच्छ, कागदाच्या तळ्यात ते पुरेसे नसते. गारठा आणि उपासमार एकत्र आली की रोज एक पिल्लू कमी होते. त्याचा दोष बहुधा घारीला किंवा कावळ्याला दिला जातो. तो काही अंशी खराही असतो, कारण उघड्या पाण्यावर लपायला आडोसा नसतो.

वर येण्याची वाट

पिल्लांना पकडू नये. त्यांना वर येण्यासाठी वाट करून द्यावी. पाठलाग सुरू झाला की पिल्लू बुडी मारते, पाण्याखालून दूर निघते, वर येताच पुन्हा बुडी मारते, आणि जाळी घेऊन अर्धा तास मागे लागलेल्या माणसाच्या हाती अखेरीस भिजलेले, दमलेले, अर्धमेले पिल्लू येते. आई या काळात घाबरून उडून जाते किंवा पंख मोडल्याचे सोंग करत माणसाला दूर नेऊ पाहते, आणि तिच्या मागे गेलेल्या लोकांना ती जखमी असल्याचा समज होतो.

सर्वांत सोपी वाट बारदानाची किंवा काथ्याच्या चटईची होते. दोन-अडीच फूट रुंद पट्टी बांधाच्या माथ्यापासून थेट पाण्याच्या पातळीच्या बरीच खाली जाईल एवढी लांब करावी. पोती उसवून, सलग शिवून ती घरच्या घरी तयार होते. ज्यूट भिजले की कागदाला घट्ट बसते आणि पिल्लाच्या नख्यांना धरायला खरबरीत पृष्ठभाग मिळतो. वरचे टोक बांधावर मातीने भरलेल्या पोत्यांखाली दाबावे आणि खालच्या टोकाला वाळूची लहान पिशवी शिवावी. खिळे, सळ्या, तारेचे आकडे वापरू नयेत. कागद एकदा फाटला तर शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते, आणि नुकसानीच्या धास्तीने पुढच्या वर्षी पिल्लांसाठी कोणी काही करणार नाही. पट्टी लांब ठेवण्याचे कारण असे, की मोटर चालू झाली की पाण्याची पातळी दिवसात फूट-दीड फूट उतरते आणि आखूड पट्टी हवेत लोंबकळत राहते. मी पाहिलेल्या फसलेल्या उपायांमध्ये हे कारण सर्वाधिक वेळा आढळले आहे.

मासेमारीचे जुने नायलॉन जाळे वापरण्याचा मोह होतो, कारण ते गावात सहज मिळते. ते वापरू नये. पिल्लाचे पाय आणि मान त्यात अडकते, आणि तळ्याकाठी येणाऱ्या सापांचाही त्यात जीव जातो. सैल शेडनेटचेही तसेच आहे. लाकडी फळी वापरायची असेल तर तिच्यावर चार-चार बोटांच्या अंतराने आडव्या पट्ट्या ठोकाव्यात आणि तिची कड कागदाला घासू नये म्हणून खाली पोते अंथरावे.

पट्टी कुठे टाकावी, याला उपायाइतकेच महत्त्व आहे. पिल्ले काठाकाठाने पोहतात आणि कोपऱ्यात अडखळतात, म्हणून पट्टी कोपऱ्यात किंवा कोपऱ्याच्या अगदी जवळ असावी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे तरंगणारा पाला, फेस आणि दमलेली पिल्ले तळ्याच्या पूर्व-ईशान्य कडेला जमतात; एक पट्टी तिकडे आणि शक्य झाल्यास दुसरी समोरच्या कोपऱ्यात टाकावी. कोपऱ्यातल्या शेवाळावर नख्यांचे ओरखडे दिसत असतील तर जागा पिल्लांनीच दाखवलेली असते. पट्टीच्या पायथ्याशी बांबूचा लहान तराफा करून त्यावर पाचट पसरले तर आईला पिल्ले घेऊन बसायला कोरडी जागा मिळते आणि वर येण्याआधीची पहिली रात्र निभावते.

बांधावर पोहोचलेल्या पिल्लांपुढे आणखी एक अडथळा असतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कुंपणाच्या तळाशी साप-उंदीर येऊ नयेत म्हणून बारीक जाळी किंवा शेडनेट लावलेले असते. आई कुंपणावरून उडून पलीकडे उतरते आणि पिल्ले आत जाळीच्या कडेने धावत राहतात. पट्टी ज्या बाजूला टाकली आहे, त्याच बाजूला, ओढा किंवा पाझर तलाव असलेल्या दिशेला, जाळी हातभर लांबीत जमिनीपासून चार-पाच इंच वर उचलून बांधावी. तिथून पुढचे काम आई करते. रानबदकाची मादी पिल्लांना घेऊन एक किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर चालत जाऊ शकते, आणि हा प्रवास ती बहुधा पहाटे किंवा तिन्हीसांजेला करते. त्या दोन वेळांना तळ्यावर कोणी जाऊ नये आणि वस्तीवरची कुत्री बांधून ठेवावीत. एवढे केल्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी तळे रिकामे दिसते.

पिल्ले दोन दिवसांतही वर आली नाहीत तर त्यांना हळूहळू वळवता येते. समोरासमोरच्या बांधांवर एकेक माणूस उभा राहून पाण्यावर तरंगणारा लांब दोर धरावा आणि दोघांनी अगदी संथ, पावलापावलाने पट्टीकडे सरकावे. पिल्ले दोराच्या पुढे पुढे जातात. आई उडून गेली तर तिथेच थांबावे, कारण तिच्याविना वर आलेली पिल्ले बांधावर सैरभैर होतात.

पिल्लांसाठी कोणीही शेततळ्यात उतरू नये, हे मी येथे मुद्दाम आणि स्पष्टपणे लिहीत आहे. ज्या निसरड्या कागदावरून पिल्लाला वर येता येत नाही, त्यावरून माणसालाही येता येत नाही, आणि उत्तम पोहणारी माणसेही अशा तळ्यांत बुडून मेली आहेत. बांधावर टायर-ट्यूब आणि पक्का बांधलेला गाठींचा दोर असल्याखेरीज तळ्याच्या कडेला वाकूही नये, आणि लहान मुलांना हे काम मुळीच सांगू नये.

वयावरून निकड ठरवावी

सगळ्या वयांच्या पिल्लांना एकसारखी घाई नसते. गोलॉप आणि मार्शल या उत्तर अमेरिकेतील अभ्यासकांनी १९५४ मध्ये बदकांच्या पिल्लांचे वय दुरून ओळखण्यासाठी तीन टप्पे मांडले आणि ते आजही जगभर वापरले जातात. पहिल्या टप्प्यात अंगावर फक्त लव असते, दुसऱ्यात लव आणि पिसे मिसळलेली दिसतात, तिसऱ्यात पिल्लू पूर्ण पिसांचे असते पण त्याला अजून उडता येत नाही. मॅलर्ड या चांगल्या अभ्यासलेल्या जातीत पहिला टप्पा सुमारे १८ दिवसांपर्यंत आणि दुसरा सुमारे ४५ दिवसांपर्यंत चालतो. आकाराने जवळच्या हळदी-कुंकू बदकासाठीही हा अंदाज कामापुरता पुरतो.

लवेच्या पिल्लांसाठी पट्टी त्याच दिवशी टाकली पाहिजे, उद्यावर ढकलू नये. कुशीवर पिसे दिसू लागली असतील तर पिल्लाला स्वतःची ऊब राखता येऊ लागलेली असते; पट्टी तेव्हाही टाकावी, पण धावपळ करण्याची गरज नसते. पूर्ण पिसांच्या पिल्लांना त्रास देऊ नये, ती थोड्याच दिवसांत उडून जातील. पिल्ले वाढत असताना काही वेळा मादीही उडताना दिसत नाही. बदके पंखांची सर्व मोठी पिसे एकदम झाडतात आणि नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. अशी मादी आजारी नसते. तिलाही बारदानाची तीच वाट लागते.

विहीर आणि कालवा

बिनकठड्याच्या विहिरीत पिल्ले पडली तर वर येण्याची वाट करता येत नाही, कारण भिंत उभी असते. दोराला बांधलेली रुंद पाटी पाण्यात अर्धी बुडेल अशी सोडून ठेवावी, तिच्यात ओले गवत टाकावे आणि सगळ्यांनी दूर जावे. दमलेली पिल्ले टेकायला जागा शोधत तिच्यात चढतात आणि मग पाटी सावकाश ओढता येते. वर आलेली पिल्ले त्याच जागी, विहिरीपासून दहा-पंधरा पावलांवर गवतात ठेवावीत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांच्या सिमेंटच्या कालव्यांत आवर्तन चालू असेल तर पिल्ले प्रवाहाबरोबर पुढे जातात आणि त्यांचा पाठलाग व्यर्थ ठरतो. पुढे जिथे पायऱ्या किंवा मातीचा भाग येतो तिथे थांबणे अधिक उपयोगी असते.

एकटे पिल्लू सापडले किंवा हातात आलेच तर

एकटे पडलेले पिल्लू मोठ्याने, सतत चिवचिवते. ते ऐकवत नाही हे खरे, पण त्याच आवाजावर आई त्याला शोधत येते, म्हणून त्याला लगेच खोक्यात बंद करून घरी नेणे म्हणजे त्याची एकमेव हाक बंद करणे होय. पिल्लू सावलीत, पाण्याच्या जवळ, गवताच्या आडोशाला ठेवावे आणि शंभर पावले मागे जाऊन दुरून पाहावे. माणूस जवळ उभा असेपर्यंत आई येत नाही. सकाळी सापडलेल्या पिल्लाला दुपारपर्यंत वेळ द्यावा. संध्याकाळ झाली, पाऊस लागला किंवा पिल्लू आवाज न करता डोळे मिटू लागले तर मात्र वाट पाहू नये.

अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये रानबदके संरक्षित आहेत. त्यांची पिल्ले पाळणे आणि अंडी उचलणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पिल्लू ताब्यात आल्यावर लवकर कळवणे आपल्याही हिताचे असते. माणूस येईपर्यंत पिल्लाला आधी ऊब द्यावी, खाणे नंतर. गारठलेल्या पिल्लाच्या चोचीत अन्न कोंबणे हे घरी आणलेली पिल्ले दगावण्याचे मोठे कारण आहे, कारण थंड पडलेल्या शरीराला अन्न पचवता येत नाही. अंडे फुटण्याआधी त्यातला उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि पहिला दिवस-दीड दिवस त्यावर निघतो, म्हणून नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला काही तास काही खायला दिले नाही तरी चालते.

पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडे कापड अंथरावे आणि एका कोपऱ्यावर जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा बल्ब टांगावा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वीज नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. पहिल्या आठवड्यात बल्बच्या खाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे आणि खोक्याचा दुसरा भाग थंड राहावा, म्हणजे पिल्लाला स्वतः जागा निवडता येते. पिल्ले एकमेकांना चिकटून ओरडत असतील तर ऊब कमी पडते आहे. दूर जाऊन चोच उघडी ठेवत असतील तर जास्त झाली आहे.

पिल्लू बदकाचे आहे म्हणून त्याला घमेल्यात पोहायला सोडू नये. आईच्या पंखाखाली न राहिलेल्या पिल्लाची लव लवकर भिजते आणि घमेल्यातून बाहेर काढलेले पिल्लू तासाभरात गारठून जाऊ शकते. पिण्यासाठी बशीत पाणी ठेवून त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही. वन विभागाचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार असेल तर उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा आणि पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी हिरवी पाने पाण्यात भिजवून द्यावीत. दूध देऊ नये, पक्ष्यांना ते पचत नाही. पाव, भाकरीचा कुस्करा, शेव यांनी पोट भरते पण प्रथिने मिळत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांचे औषधमिश्रित खाद्यही टाळावे. शिवाय बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते आणि ते कमी पडले की पाय वाकडे होतात.

पिल्लू कोंबड्यांच्या शेडमध्ये तर कधीच ठेवू नये. रानबदके स्वतः आजारी न दिसताही बर्ड फ्लूचा विषाणू वाहून नेऊ शकतात, आणि २००६ मध्ये नवापूरला त्या रोगाने कुक्कुटपालनाचे काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुऊनच शेडमध्ये जावे.

दिसेल त्या दुसऱ्या बदकाच्या कुटुंबात पिल्लू सोडून देण्याचा सल्लाही दिला जातो. परकी मादी ते कधी स्वीकारते, कधी टोचून मारते. पिल्लांचे वय सारखे नसेल तर धोका अधिक. हा निर्णय जाणकारावर सोडावा.

अंडी सापडली तर

वैरण कापताना किंवा ऊसतोडीच्या वेळी घरटे उघडे पडते आणि मग ती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची आपल्याकडची रीत आठवते. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, हळदी-कुंकू बदकाची त्याहून काही दिवस उशिरा, त्यामुळे पुष्कळदा कोंबडी आधीच उठून जाते. फुटली तरी पुढे मोठी अडचण राहते. एकहार्ड हेस यांनी मॅलर्डच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की फुटल्यानंतरच्या साधारण १३ ते १६ तासांत पिल्लू समोर चालणाऱ्याला आई म्हणून सर्वांत पक्के मनात धरते. कोन्राड लोरेन्झ यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक ज्या कामासाठी विभागून मिळाले, त्यात हंसांच्या पिल्लांमधील हीच प्रवृत्ती होती. कोंबडीमागे किंवा माणसामागे वाढलेले रानबदक आपल्या जातीत नीट मिसळत नाही, कुत्र्याला आणि माणसाला घाबरत नाही, आणि मोकळे सोडल्यावर फार दिवस जगत नाही.

म्हणून घरटे दिसले की त्याभोवती दोन-तीन हात गवत किंवा उसाची बेटे उभी ठेवावीत, घरट्याकडे जाणारी पाऊलवाट पाडू नये आणि त्या कोपऱ्यातले काम शेवटी घ्यावे. मादी अंड्यांवरून उठताना ती आपल्या मऊ पिसांनी झाकते. झाकलेली, थंड लागणारी अंडी सोडून दिलेली असतीलच असे नाही. उबवणे तीन-साडेतीन आठवड्यांचे असते. घरटे शेततळ्याच्या भरावावर असेल तर या काळात बारदानाची पट्टी आधीच टाकून ठेवता येते, म्हणजे पिल्ले पाण्यात उतरतील त्या दिवशी वर येण्याची वाट तयार असते. बारदान एका हंगामात कुजते. मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी मोटरची आणि कुंपणाची पाहणी होते, त्याच वेळी जुनी पट्टी काढून नवी शिवून टाकावी आणि कुंपणाची जाळी ओढ्याच्या बाजूने पुन्हा चार-पाच इंच उचलून बांधावी.